हौद्यावरचे बिऱ्हाड

फरासखाना हा शब्द आज पुण्यातील पोलीस ठाण्याच्या नावापुरता उरला असला, तरी मराठेशाहीत तंबू, राहुट्या, कनाती आणि जाजमे यांची तजवीज ज्या कारखान्याच्या जिम्मे असे त्याचे ते नाव होते. आणि पुढे इंग्रजी अमदानीत कलेक्टरसाहेबांची स्वारी हिवाळ्यात जिल्ह्यातून फिरू लागली, तेव्हाही डेऱ्यांचा सरंजाम एक मुक्काम आधीच रवाना होत असे. तो सारा सरंजाम आता एका पिकअप गाडीच्या हौद्यावर मावतो, आणि तो कसा निवडावा याचा विचार आमच्या घरी गेले वर्षभर चालू आहे.

आम्हां उभयतांना मुक्कामाच्या प्रवासाची आवड जुनी आहे, परंतु पत्नीच्या गुडघ्यांना तंबूतील जमिनीवरून उठणे आता झेपत नाही. घरी आंब्याच्या पेट्या वाहणारी पिकअप आहे आणि हंगाम सरला की ती बव्हंशी दारात उभी असते. त्यातच राज्य शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन, म्हणजे राहत्या गाडीतील, पर्यटनाचे धोरण जाहीर केले. २०२२ साली महिंद्र कंपनीने ‘कॅम्परव्हॅन फॅक्टरी’ या संस्थेच्या सहकार्याने बोलेरो कॅम्परवर चौघांच्या निजण्या-जेवण्याची, शौचालयाची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी करण्याचा मनोदय जाहीर केला. अशी कायमची बांधलेली गाडी सोयीची खरी. पण जिला वैशाखात आंबाही वाहावयाचा आहे, त्या गाडीसाठी हौद्यावर चढविता-उतरविता येणारी खोलीच युक्त, असे माझे मत झाले आहे.

अशा खोलीची परीक्षा गादीच्या मऊपणावरून न करता वजनावरून करावी. गाडीची भारक्षमता एक टन धरली आणि खोलीच सहाशे किलोंची निघाली, तर उरलेल्या चारशेंत ऐंशी लिटर पाण्याचे ऐंशी किलो, घरगुती गॅसच्या भरलेल्या टाकीचे सुमारे तीस किलो, शिशाच्या बॅटरीचे तितकेच, आणि शिवाय भांडीकुंडी, कपडे व शिधा एवढे सारे बसवावे लागते. आणि हा भार कागदावर बसला तरी आंबा घाटाच्या वळणांवर उंच खोलीचा तोल जो झुकतो, तो कोणत्याही छापील माहितीपत्रकात दिसत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी पाणी भरलेल्या स्थितीत गाडी वजनकाट्यावर घालून पावती घ्यावी, आणि विक्रेता त्यास राजी नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

गेल्या मार्गशीर्षात अशी एक गाडी भाड्याने घेऊन आम्ही किनाऱ्यावरच्या भाट्ये गावाजवळ एक रात्र काढली. बाहेर सुखद गारवा होता, आणि आत मात्र दोन माणसांच्या श्वासाने पहाटेपर्यंत छत ओले होऊन उशीवर थेंब पडू लागले, कारण समोरासमोर खिडक्याच नव्हत्या. वातानुकूलन यंत्राने हा प्रश्न सुटेल अशी समजूत व्यर्थ आहे. बारा व्होल्टच्या शंभर अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतून निर्धास्तपणे मिळते ती वीज सुमारे अर्ध्या युनिटाची. तीवर एक किलोवॉटचे यंत्र अर्धा तास चालेल, तर पंचवीस वॉटचा छतातील पंखा दोन रात्री. आमच्या किनाऱ्यावर वारा फुकट मिळतो. त्याला आत येण्यास आणि बाहेर जाण्यास वाट मात्र हवी. खाऱ्या हवेत लोखंडी खिळा किती काळ टिकतो हे मिरकरवाडा बंदरातील कोणीही सांगेल; तेथील होड्या ज्या फायबरच्या बनतात, त्याच फायबरची खोली आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू असावेत.

लांबी-रुंदीविषयी एकच सांगतो : जांभ्याच्या दोन गडग्यांमधील आपल्या वाडीची वाट प्रथम मोजावी.

कायद्याची बाजूही दुर्लक्षू नये. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या दाखल्यातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. तेव्हा खोली चढविण्याआधी परिवहन कार्यालयात अर्ज करून लेखी उत्तर पदरी पाडून घ्यावे. गाडी चालत असता हौद्यावरच्या खोलीत कोणीही बसू नये, मुलांनी तर कदापि नाही.

आणखी एक विनंती मनापासून करावीशी वाटते. आपला मुक्कामाचा हंगाम आणि वेळास, आंजर्ले, गुहागर येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणींच्या विणीचा हंगाम एकच, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा. वाळूत गाडी घातली तर तिच्या चाकाखाली घरटे येऊ शकते, आणि रात्रीच्या दिव्यांनी पिल्ले समुद्राऐवजी उजेडाकडे चालू लागतात. म्हणून वाचकहो, गाडी किनाऱ्यावर नेऊ नका; गावातील एखाद्या घरी रीतसर विचारून त्यांच्या खळ्यात उभी करा आणि समुद्रापर्यंत पायी जा.