पऱ्हाटीचे मोल कोणाच्या पदरात?

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की विदर्भ-मराठवाड्यातील रानात मागे उरते ती पऱ्हाटी. पुढच्या पिकासाठी रान मोकळे करण्याच्या घाईत असलेला शेतकरी ती उपटून बांधावर पेटवून देतो. राहिलेल्या काड्यांच्या मोळ्या बांधून भूमिहीन मजुरांच्या बायका चुलीसाठी घरी नेतात. या पऱ्हाटीला उपयोग होता, किंमत मात्र नव्हती. आता किंमत येऊ घातली आहे. पऱ्हाटी, तुराट्या, लाकडाचा भुसा यांपासून इंधनगोळ्या पाडणारी लहान यंत्रे ग्रामीण उद्योगाचा नवा मार्ग म्हणून सुचविली जात आहेत. या सूचनेचे अर्थकारण मात्र तिच्या पुरस्कर्त्यांना वाटते तितके सरळ नाही.

यंत्रात गूढ असे काही नाही. दुभत्या जनावरांची गोळीपेंड ज्या तत्त्वावर तयार होते तेच येथे आहे. काड्यांचा बारीक भुगा छिद्रांच्या पोलादी चकतीवर पडतो, फिरते रोलर तो छिद्रांतून दाबून काढतात. दाबाने व घर्षणाने उष्णता निर्माण होते, लाकडातील लिग्निन नावाचे द्रव्य मऊ होऊन डिंकाचे काम करते, आणि सहा-आठ मिलिमीटर जाडीची गोळी बाहेर पडून निवताच टणक होते. हा खटाटोप मुख्यतः आकारमानासाठी. एक घनमीटर जागेत सुटे काड फार तर शंभर किलो मावते. गोळ्या सहाशे किलोंहून अधिक. सुटे काड दूर नेण्याचा वाहतूकखर्च परवडत नाही, गोळ्यांचा परवडू शकतो.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत व पुढे स्वीडनमध्ये हा धंदा उभा राहिला, तेव्हा कच्चा माल लाकूडगिरण्यांच्या दाराशी आयता पडलेला होता. येथे तो हजारो लहान शेतांत विखुरलेला आहे आणि वर्षातून दोन-तीन महिनेच मिळतो. शिवाय भुग्यातील ओल साधारण दहा ते पंधरा टक्क्यांतच असावी लागते. जास्त असली तर गोळी फुटते, फार कमी झाली तर छिद्रे तुंबतात. पऱ्हाटीच्या सालीचे चिवट धागे दळणयंत्रात गुंडाळले जातात ते वेगळेच. म्हणजे खरा खर्च गोळी पाडण्यात नाही. काड्या गोळा करणे, तुकडे करणे, वाळवणे आणि पावसाळ्यात झाकून ठेवणे यांत तो आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात मात्र साहाय्य ठरले ते ताशी एक टन क्षमतेमागे नऊ लाख रुपये असे. अनुदान क्षमतेला मिळाले, कोठाराला नाही.

गिऱ्हाइकाचा प्रश्न याहून अवघड आहे. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात काही अंश जैवइंधन मिसळावे असे धोरण केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये आखले, आणि २०२३ च्या सुधारणेने २०२४-२५ पासून पाच टक्क्यांचे प्रमाण ठरवले. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला तीन हजार टनांहून अधिक कोळसा खातो. त्याचे पाच टक्के म्हणजे दीडशे टनांहून जास्त. पंधरा-वीस अश्वशक्तीच्या मोटरीचे लहान यंत्र तासाला दोनशे किलो, म्हणजे आठ तासांच्या पाळीत दीड टनाच्या आसपास गोळ्या देते. एका संचासाठी अशी शंभर यंत्रे एकाच प्रतीचा माल रोज, न चुकता पुरवू लागली पाहिजेत. हा पुरवठा मोठा कारखानदारच करणार, आणि लहान यंत्रवाला फार तर त्याचा पोटकंत्राटदार होणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

घरगुती गिऱ्हाइकाचा अनुभवही बोलका आहे. बी.पी. या तेलकंपनीने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साह्याने ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची चूल काढली. २००६ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्र, कर्नाटक व शेजारच्या भागांत अशा सुमारे चार लाख चुली खपल्या. धूर कमी, स्वयंपाक लवकर. गृहिणींना ती पसंतही पडली. परंतु ज्या शेतीमालाच्या टाकाऊ भागापासून गोळ्या होत, त्याला इतर गिऱ्हाइके मिळाली, गोळ्यांचा भाव चढत गेला आणि अनेक घरांतून चूल अडगळीत पडली. पुढे धंदा उपाहारगृहांच्या भटारखान्यांकडे वळला. टाकाऊ वस्तू मागणी येताच टाकाऊ राहत नाही; तिच्या स्वस्ताईवर उभारलेला हिशेब त्याच दिवशी कोलमडतो.

या यंत्रांना विरोध करावा असे मात्र यातून निघत नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीची जी धूळधाण केली ती विस्मरणात जाण्यासारखी नाही. हंगामाअखेर पऱ्हाटी वेळीच शेताबाहेर काढावी, बांधावर रचून ठेवू नये, हे शास्त्रज्ञ बजावत आले आहेत, आणि किलोला चार पैसे मिळाले तर शेतकरी हे आपण होऊन करील. पण तीच पऱ्हाटी अख्खी आणून कारखान्याच्या आवारात महिनोन्महिने रचली तर अळीची सोय झाली. तिचे तुकडे शेतातच व्हावयास हवेत. त्यासाठी भाड्याने मिळणारे तुकडेयंत्र गोळीयंत्राच्या आधी गावात आले पाहिजे. लहान यंत्राचे खरे गिऱ्हाईकही पंचवीस-तीस किलोमीटरांच्या टापूतच आहे: ढाबे, वसतिगृहे, लहान बाष्पके. ही गिऱ्हाइके आज व्यापारी गॅस, डिझेल किंवा सरपण जाळतात व त्याचे रोख पैसे मोजतात.

उरला प्रश्न मोळी नेणाऱ्या बाईचा. तिच्या घरी २०१६ च्या उज्ज्वला योजनेतील सिलिंडर असेलही. पण तो पुन्हा भरून आणण्याचे पैसे दर खेपेस हाती असतातच असे नाही, म्हणून चूल विझलेली नाही. पऱ्हाटीला भाव आला की बांधावरची फुकटची काडी संपते. कारखान्याने काड्या गोळा करण्याची मजुरी तिला दिली, तरी ती मिळणार हंगामातील काही आठवडे. चूल बारा महिने पेटवावी लागते. मजुरीऐवजी गोळ्या द्याव्यात असेही सुचविले जाईल. पण गोळी साध्या चुलीत नीट जळत नाही, तिला पंख्याची चूल लागते. ती कोणी घेऊन द्यायची, याचा उल्लेख यंत्राच्या प्रकल्प-अहवालात खर्चाच्या बाजूला यावयास हवा.