पुढच्या सामन्याकडून काय मागावे?

दिल्ली विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये एखाद्या महाविद्यालयाच्या संघाने मोठ्या फरकाने सामना जिंकला, की त्याच्या पुढच्या सामन्याविषयी समर्थकांमध्ये साधारणतः तीन मते आढळतात. संघ रंगात आला असल्यामुळे पुढचा विजय ठरलेलाच आहे, असे पहिले मत मानते. रंगात येणे हा पाहणाऱ्याचा भास असून मागच्या खेळावरून पुढच्या खेळाविषयी काहीही सांगता येत नाही, असे दुसरे मत आकडेवारीच्या आधाराने सांगते. खेळणारी मुले अखेर विद्यार्थी आहेत, त्यांच्याकडून कसलीच अपेक्षा ठेवू नये, असे तिसरे मत सहानुभूतीपोटी मांडते. ही तिन्ही मते अग्राह्य आहेत. समर्थकाला अपेक्षा ठेवण्याचा पूर्ण अधिकार आहे, मात्र त्या अपेक्षेचा विषय निकाल हा नसून खेळाडूंच्या स्वाधीन असलेली कृती हा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विषय लहान वाटला तरी त्याचे क्षेत्र लहान नाही. जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, हिवाळ्यात छताखाली खेळता यावा म्हणून शोधलेला हा खेळ वायएमसीए या संस्थेमार्फत भारतात आला, आणि पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीतच झाली. आज आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नजरेत भरलेला खेळाडू विद्यापीठाच्या संघापर्यंत आणि तेथून उत्तर विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांपर्यंत पोहोचू शकतो. जीझस अँड मेरी महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिमा सिंग पुढे भारतीय संघाकडून खेळल्या, हे या वाटेचे ठळक उदाहरण होय. ज्या सामन्यांवर इतके अवलंबून असते, त्यांच्याविषयीची अपेक्षा विचारपूर्वक ठेवली जाणे आवश्यक आहे.

पहिल्या मताचा विचार आधी करू. ‘मागचा सामना जिंकला, म्हणून पुढचाही जिंकेल’ हे न्यायशास्त्राच्या परिभाषेत एक अनुमान आहे. त्यात ‘मागचा सामना जिंकणे’ हा हेतू, म्हणजे अनुमानासाठी दिलेले कारण, आणि ‘पुढचा सामना जिंकणे’ हे साध्य, म्हणजे सिद्ध करावयाची गोष्ट, होय. हेतू जेथे जेथे आहे तेथे तेथे साध्यही असले पाहिजे, या अव्यभिचारी संबंधाला व्याप्ती म्हणतात. धूर असेल तेथे अग्नी असतो, म्हणून धुरावरून अग्नीचे अनुमान योग्य ठरते. पण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो, म्हणून अग्नीवरून धुराचे अनुमान सदोष ठरते. साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळणाऱ्या अशा हेतूला ‘सव्यभिचार’ हा हेत्वाभास, म्हणजे सदोष हेतू, म्हणतात. आता बाद पद्धतीची स्पर्धा पाहावी. त्या पद्धतीत पहिल्या फेरीनंतर समोरासमोर येणारे दोन्ही संघ सामान्यतः मागचा सामना जिंकूनच आलेले असतात, आणि तरीही त्यांपैकी एकाला हरावेच लागते. म्हणजे हेतू दोन्हीकडे आहे, साध्य एकाकडेच आहे. ज्या कारणाने आपल्या संघाचा विजय सिद्ध होतो असे समर्थक मानतो, त्याच कारणाने प्रतिस्पर्ध्याचाही विजय सिद्ध होईल. आणि दोन्ही विजय सिद्ध करणारे कारण वस्तुतः एकही सिद्ध करीत नाही.

यावर पूर्वपक्षाचे, म्हणजे पहिले मत मानणाऱ्याचे, उत्तर असे, की येथे नुसता विजय हा हेतू नसून विजयाचा थाट हा हेतू आहे. दहा प्रयत्नांत पाच थ्री-पॉइंटर टाकणारा खेळाडू ज्या संघात आहे, त्याची बरोबरी कोण करील? हे उत्तर आकर्षक असले तरी हिशेबाला टिकत नाही. ज्याचा दीर्घकाळचा नेम दहांत तीन आहे, असा खेळाडू घ्यावा. त्याच्या कौशल्यात तसूभरही बदल न होता, केवळ योगायोगाच्या चढउतारामुळे, दहा प्रयत्नांत पाच किंवा अधिक टोपल्या पडण्याची शक्यता सुमारे १५ टक्के असते; आणि दहांत एक किंवा शून्य पडण्याची शक्यताही जवळपास तितकीच असते. पहिल्या दिवशी त्याला खांद्यावर घेणारे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर रुष्ट होणारे समर्थक एकाच खेळाडूची एकच क्षमता पाहत असतात. असामान्य कामगिरीनंतरची कामगिरी बहुधा सरासरीच्या जवळ येते, ही गोष्ट फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील व मुले यांच्या उंचीच्या अभ्यासातून दाखवली. तिला सरासरीकडे परतणे म्हणतात. हा नियम ठाऊक नसल्यामुळे जे परतणे स्वाभाविक आहे त्याला समर्थक घसरण समजतो, आणि मग माज, आळस, फितुरी अशी कारणे शोधू लागतो. चुकीच्या अनुमानातून असा अन्याय जन्माला येतो, म्हणूनच त्याचे खंडन करावे लागते.

संघांमध्ये खरा गुणभेद असतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. दिल्ली विद्यापीठात क्रीडा आणि अभ्यासेतर उपक्रम यांसाठी मिळून ५ टक्क्यांच्या मर्यादेत अधिसंख्य जागा, म्हणजे मंजूर संख्येव्यतिरिक्तच्या जागा, असतात, आणि त्यांवर कोणते खेळाडू येतात यावर महाविद्यालयाचे बळ पुष्कळ ठरते. परंतु सरस संघाची विजयाची शक्यता प्रत्येक सामन्यात ७० टक्के धरली, तरी सलग चार सामने जिंकण्याची शक्यता २४ टक्केच भरते. शिवाय पदवी संपताच खेळाडू जातात, नवे येतात आणि संघ दरवर्षी नव्याने बांधावा लागतो. त्यामुळे गतवर्षीच्या करंडकावर यंदाचा विश्वास टेकवणे हे पाडलेल्या घराच्या भिंतीला टेकण्यासारखे आहे.

येथे दुसरे मत पुढे येते. थॉमस गिलोविच, रॉबर्ट वॅलोन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी १९८५ च्या प्रसिद्ध शोधनिबंधात असा निष्कर्ष काढला, की लागोपाठ टोपल्या पडल्यावर पुढचीही पडण्याची शक्यता वाढते या समजुतीला आकडेवारीत आधार सापडत नाही. अनेक वर्षे हा निष्कर्ष अखेरचा शब्द मानला गेला. परंतु जोशुआ मिलर आणि अॅडम सानहुर्हो यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की त्या मोजणीच्या पद्धतीतच एक सूक्ष्म दोष होता. नाणे तीनदा उडवण्याचे आठ समान संभाव्य क्रम लिहावेत; पहिल्या दोन फेकींत एकदा तरी छापा असलेले क्रम सहा निघतात; त्यांपैकी प्रत्येक क्रमात छाप्यानंतर लगेच छापा पडण्याचे प्रमाण काढून त्यांची सरासरी घेतली, तर ती निम्मी न येता बारांत पाच येते. निर्दोष नाणेही जर या पद्धतीने मोजल्यास रंग उतरलेले दिसत असेल, तर खेळाडूच्या नेमाचे प्रमाण या पद्धतीत स्थिर दिसणे हाच त्याच्या किंचित रंगात येण्याचा पुरावा ठरू शकतो. म्हणून ‘काहीच सांगता येत नाही’ हे मत ‘सगळे सांगता येते’ या मताइतकेच उतावीळ आहे. शक्यता अनिश्चित आहे याचा अर्थ ती अज्ञेय आहे असा होत नाही.

तिसरे मत सर्वांत सज्जन आहे आणि म्हणूनच त्याचे खंडन काळजीपूर्वक व्हावयास हवे. निष्काम कर्माची शिकवण येथे पुष्कळदा पुढे केली जाते. परंतु ती शिकवण फळाची आसक्ती सोडण्यास सांगते, कर्मातील कौशल्य सोडण्यास नव्हे. उलट गीतेच्याच विचारात कर्मातील कौशल्याला योगाची प्रतिष्ठा आहे. ज्याच्याकडून कोणी काही मागत नाही, त्याच्याकडे कोणी नीट पाहतही नाही. खेळाडूला जाचते ती अपेक्षा नसून त्याच्या स्वाधीन नसलेल्या गोष्टीची अपेक्षा होय. चेंडू रिंगच्या कडेवरून आत पडेल की बाहेर, हे त्याच्या हातून सुटल्यावर त्याचे राहत नाही. बचावासाठी वेळेवर मागे धावणे मात्र सर्वस्वी त्याचे असते. या दोहोंतील भेद न करता अपेक्षामात्राचा निषेध करणे म्हणजे विद्यार्थ्यावर गुणांचे दडपण नको म्हणून त्याची वहीच न तपासण्यासारखे आहे.

आता मंडन, म्हणजे स्वतःच्या मताची मांडणी. निकाल बाजूला ठेवल्यावर मागण्यासारखे काय उरते, हे जवळून पाहिले पाहिजे. शॉट सुटतो, सगळ्यांच्या नजरा चेंडूबरोबर वर जातात, आणि त्याच क्षणी रिंगखाली एक खेळाडू चेंडूऐवजी प्रतिस्पर्ध्याचा शोध घेतो, त्याला पाठीवर घेतो, गुडघे वाकवून कंबर खाली नेतो आणि हात पसरून जागा अडवतो. याला बॉक्स आउट म्हणतात. चेंडू उसळून खाली येतो तो त्याच्या सहकाऱ्याच्या हातात, आणि गुणपत्रकात रिबाउंड लिहिला जातो तोही सहकाऱ्याच्याच नावावर. अडवणाऱ्याचे नाव कुठेही येत नाही. कबड्डी पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण चढाईपटूचा पाय एकाच्या हाती सापडला तरी पकड साखळीमुळे टिकते, हे त्याला ठाऊक असते. हीच नजर बास्केटबॉलकडे वळवली, की अपेक्षा आपोआप नेमकी होते: प्रत्येक शॉटनंतर आपले पाचही जण आपापला माणूस अडवतात काय?

दुसरी अपेक्षा शिस्तीची. दहा मिनिटांच्या एका सत्रात संघाचे चार फाउल झाले, की त्यानंतर बचाव करताना होणाऱ्या प्रत्येक फाउलला प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो मिळतात. सत्राच्या तिसऱ्याच मिनिटाला निष्कारण हात मारून केलेला फाउल अखेरच्या मिनिटात महाग पडतो, हे ध्यानात ठेवून खेळणे सर्वस्वी संघाच्या हातात आहे. तिसरी अपेक्षा सरावाची. फ्री थ्रोच्या वेळी समोर कोणी अडवणारा नसतो, रिंग ३.०५ मीटर उंचीवरच असते आणि टाकण्यासाठी पाच सेकंद मिळतात. खेळातला हा एकच शॉट असा, की ज्याची परिस्थिती सरावात आणि सामन्यात सारखीच असते. तरीही ७० टक्के नेमाच्या खेळाडूचे दोन्ही फ्री थ्रो पडण्याची शक्यता ४९ टक्केच असते. त्यामुळे ‘दोन्ही पडलेच पाहिजेत’ ही मागणी अन्याय्य आहे, आणि ‘नेम ७० वरून ७५ वर नेण्याइतका सराव झाला पाहिजे’ ही मागणी न्याय्य आहे.

निकाल आणि पद्धत यांतील या भेदाचे मोल अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धेत फार स्पष्ट दिसले. मार्च २०१८ मध्ये गटातील अव्वल मानांकित व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ सोळाव्या मानांकित मेरीलँड-बाल्टिमोर काउंटीकडून ७४-५४ असा हरला. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यापूर्वीच्या अशा १३५ सामन्यांत असे एकदाही घडले नव्हते. निकालाला सर्वस्व मानले असते तर संयमी, बचावप्रधान खेळाची पद्धतच मोडीत काढावी लागली असती. प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी तो पाया सोडला नाही, आणि २०१९ मध्ये त्याच विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पद्धत टिकली म्हणून करंडक मिळालाच असता, असे येथे म्हणणे नाही, कारण तसे म्हणणे म्हणजे पहिल्याच हेत्वाभासाकडे परतणे होय. एका निकालावरून पद्धतीचा निवाडा करू नये, एवढेच या उदाहरणाने सिद्ध होते.

अशी अपेक्षा कोरडी आहे, तिच्यात जिंकण्याची हौस उरत नाही, असा शेवटचा आक्षेप संभवतो. जिंकावेसे वाटणे ही इच्छा आहे, अपेक्षा नव्हे. इच्छेला मर्यादा घालण्याचे कारण नाही. अपेक्षा म्हणजे न पुरवल्यास जाब विचारता येईल अशी मागणी, आणि जाब ज्याच्या हाती जे आहे त्याचाच विचारता येतो. या न्यायाने काही जाब खेळाडूंना नव्हे तर संस्थांना विचारावे लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये हवेच्या प्रदूषणामुळे राष्ट्रीय राजधानी परिक्षेत्रातील मैदानी क्रीडास्पर्धा पुढे ढकलण्याचे निर्देश निघाले. मूळचा छताखालचा हा खेळ जेथे उघड्या सिमेंटच्या मैदानावर खेळला जातो, तेथे पुढचा सामना होईल की नाही हेच अनिश्चित असते. म्हणून स्वच्छ हवेची आणि बंदिस्त क्रीडागृहाची मागणी हीदेखील समर्थकाची रास्त अपेक्षाच आहे.

आणि एक जाब समर्थकाने स्वतःला विचारावयाचा आहे. बॉक्स आउट गुणपत्रकात दिसत नाही. तो मैदानाच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्यालाच दिसतो. ज्याने तो पाहिला नाही, त्याच्याजवळ निकालाखेरीज बोलण्यासारखे काही उरत नाही, म्हणून तो निकालच मागत राहतो. पुरुष संघाचा अंतिम सामना असो वा महिला संघाचा पहिल्या फेरीतला सामना असो, जो अखेरच्या सेकंदापर्यंत तेथे उभा राहिला, त्यालाच संघाकडून काय मागावे हे कळते, आणि हरून परतणाऱ्या खेळाडूच्या पाठीवर कशासाठी हात ठेवावा हेही त्यालाच कळते.