सीतेची गाणी कोणत्या विभागात शिकवायची?

सोळाव्या शतकात मैमनसिंग भागात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, चंद्रावती नावाच्या कवयित्रीने बंगालीत रामायण रचलं. ते सुरू होतं सीतेच्या जन्मापासून. रामाचा जन्म मागाहून येतो, युद्ध जेमतेम उरकलेलं आहे, आणि सीता आपली हकिगत सख्यांना बारमासीतून, बारा महिन्यांच्या गाण्यातून सांगते. अभ्यासकांनी ही रचना कच्ची, अपुरी ठरवून बाजूला ठेवली होती. नवनीता देव सेन यांनी ती नव्याने वाचली. त्यांचं म्हणणं असं की, ही एका बाईने सांगितलेली सीतेची कथा आहे. रामाचा पराक्रम शोधत आलेल्यालाच ती अपुरी वाटणार.

त्या तिथे थांबल्या नाहीत. मैथिली, तेलुगू आणि मराठी बायकांची सीतेची गाणी त्यांनी चंद्रावतीशेजारी ठेवून वाचली. मराठी वाचकाला इथे जात्यावरच्या ओव्या आठवाव्यात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे दळणाऱ्या बाईने सीतेच्या वनवासात आपला सासुरवास पाहिलेला त्यांत सापडतो. मराठीच्या वर्गात या ओव्या ‘लोकसाहित्य’ या प्रकरणात जाऊन बसतात आणि परीक्षेपुरत्या उरतात. मात्र चंद्रावतीच्या बारमासीसोबत वाचल्या की कळतं, एकमेकींचं नावही न ऐकलेल्या बायकांनी रामकथेत तीच जागा धरून ठेवली होती. ही गोष्ट एकाच भाषेच्या वर्गात बसून कोणाला दिसली असती?

नवनीताबाईंना ही नजर कुठे मिळाली, हे महत्त्वाचं आहे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात कवी बुद्धदेव बसू यांनी १९५६ मध्ये तौलनिक साहित्याचा विभाग सुरू केला. त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी त्या एक. पुढे तिथेच त्यांनी शिकवलं. स्वतः बसू यांनी ‘मेघदूत’ही बंगालीत आणलं आणि बोदलेअरही. या विभागाची मुळं आणखी मागे जातात. १९०७ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषदेत रवींद्रनाथ टागोरांनी याच विषयावर व्याख्यान दिलं आणि त्याला ‘विश्वसाहित्य’ असं आपलं नाव दिलं. त्याच परिषदेच्या कामातून पुढे जादवपूर विद्यापीठ उभं राहिलं.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याचं अध्यासन आहे, ते टागोरांच्याच नावाचं. भालचंद्र नेमाडे यांनी तिथे काम केलं. तरीही इथला साहित्याचा सर्वसाधारण विद्यार्थी ‘किंग लिअर’ इंग्रजीच्या वर्गात वाचतो आणि शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ मराठीच्या. दोन्ही नाटकं एका टेबलावर क्वचितच येतात.

ती आणायला हवीत. लिअर राज्य वाटतो, ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर आयुष्यभराची कमाई. लिअरची राणी नाटकात कुठेच नाही. शिरवाडकरांनी १९७० मध्ये गणपतरावांना कावेरी दिली. ही एक बाई नाटकात येताच म्हाताऱ्याचं दुःख राजवाड्यातून थेट मराठी संसारात येतं. शिरवाडकरांनी काय घेतलं यावर खूप बोललं जातं. त्यांनी काय नव्याने घातलं, हे समजायला शेजारी लिअर लागतो.

अशा तौलनिक वाचनावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे: दहा भाषांतलं थोडंथोडं वाचून एकही धड येत नाही. म्हणून सुरुवात लहान असावी. विद्यार्थ्याची स्वतःची भाषा पक्की, दुसरी एक मेहनतीने शिकलेली, बाकीचं चांगल्या भाषांतरातून. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० विषयांची सरमिसळ करायला मोकळीक देतं. मराठी, इंग्रजी, हिंदी, संस्कृत या विभागांनी मिळून एम.ए.ला एक सामाईक पेपर ठेवावा, दोन विभागांच्या प्राध्यापकांनी एकाच तासाला एकत्र उभं राहून तो शिकवावा आणि उत्तरपत्रिकाही दोघांनी मिळून तपासाव्यात. पहिल्या तासाला जात्यावरच्या ओव्या आणि चंद्रावती पुरेशा आहेत.