साखळी धरणारा हात

फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचायच्या अंकात मी जो विषय काढणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. हातात चकली असेल तर वाचकांनी ती अगोदर संपवावी. विषय आहे कुत्र्याची घाण, आणि ती उचलायची कोणी हा प्रश्न.

मी जोह्याचा. 'पेणचा गणपती' म्हणून जी मूर्ती आपण मुंबई-पुण्याला घरी नेता, ती पुष्कळदा आमच्या जोहे-हमरापूरच्या अंगणात वाळलेली असते. आमच्याकडे घर कुठे संपते आणि कारखाना कुठे सुरू होतो, हे नव्या माणसाला कळत नाही. ओटीवर साचे, पडवीत रंगाचे डबे, अंगणात ओळीने मांडलेल्या, अजून डोळे न रेखलेल्या मूर्ती. बायामाणसे आणि पोरे त्यांच्यामधून अनवाणी वावरतात, जमिनीवर बसतात, माती हातानेच मळतात.

गेल्या पौषातली गोष्ट. माझ्या काकीने संध्याकाळी शाडू मळून ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवला होता. शनिवार-रविवार हवा खायला येणारे एक गृहस्थ पहाटे आपला उंचापुरा कुत्रा घेऊन त्या बाजूने निघाले. कुत्र्याने पायाने गोणपाट उकरले आणि त्या मऊ मातीवरच आपला प्रातर्विधी उरकला.

"सॉरी हं काकी," गृहस्थ म्हणाले, "मुका जीव आहे. आणि शेवटी मातीच तर आहे!"

"सायेब, या मातीचा आता गणपती नाय व्हायचा," काकी एवढेच बोलली.

गृहस्थ वाईट नव्हते. त्यांचा हात खिशाकडे गेला, हे मी सांगितले पाहिजे. पण कोपऱ्यात टेकवलेल्या खोऱ्याकडे तो गेला नाही. पैसे काकीने घेतले नाहीत आणि घाण काकीनेच उचलली.

माझे भांडण आहे ते याच हाताशी.

वाचकांना 'गुड मॉर्निंग पथक' आठवत असेल. गाव हागणदारीमुक्त करायचे म्हणून महाराष्ट्रात ही पथके निघाली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला शिट्ट्या मारून उठवायचे, कुठे गुलाबाचे फूल देऊन लाजवायचे, कुठे पोलिसांची भीती घालायची. ज्याच्या घरी संडास बांधायला जागा नव्हती आणि पाणी नव्हते, त्याचीही गय झाली नाही. मी त्या मोहिमेच्या विरुद्ध नाही. गाव स्वच्छ झाले ते बरेच झाले. पण त्याच पहाटे, त्याच बांधावर साखळी धरून उभ्या राहिलेल्या गृहस्थांना मात्र आम्ही हसून खरोखरीचे 'गुड मॉर्निंग' म्हणतो! माणसाने केले तर गुन्हा आणि साहेबांच्या कुत्र्याने केले तर मुका जीव, हा न्याय कुठल्या स्मृतीतला?

कोणी म्हणतील, आम्ही अंगण शेणाने सारवणारी माणसे, आम्हाला एवढी किळस का? गाय गवत खाते. तिच्या शेणाची गोवरी होते, खत होते. कुत्र्याच्या विष्ठेचे यातले काहीच होत नाही. कुत्र्याला जंत असले की त्यांची अंडी तिच्यातून मातीत पडतात आणि महिनोन् महिने टिकून राहतात. काही जंतांच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात, तर काहींची अंडी पोरांच्या हातांवाटे पोटात जातात. ज्या गावात पोरगे दिवसभर मातीत हात घालून बसते, त्या गावाने याची काळजी करायची नाही तर कोणी करायची?

दुसरा आक्षेप मोकाट कुत्र्यांचा. त्यांच्या नसबंदीची आणि लसीची जबाबदारी २०२३ च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. ती पार पाडलीच पाहिजे. पण मोकाट कुत्र्याचा धनी शोधावा लागतो. पट्टेवाल्या कुत्र्याचा धनी साखळीच्या दुसऱ्या टोकालाच उभा असतो. (आम्ही गावकरीही सोवळे नाही. आमच्यातले कित्येक पहाटे कुत्र्याची साखळी सोडून देतात आणि तो कुणाच्या दारात बसला हे पाहायला जात नाहीत.)

कायद्याचे म्हणाल तर मुंबई महापालिकेने २००६ च्या उपविधींत, आपल्या कुत्र्याची घाण न उचलणाऱ्याला पाचशे रुपये दंड ठेवला. न्यूयॉर्कमध्ये असा कायदा १९७८ च्या ऑगस्टपासून लागू आहे. तो येताना पुष्कळ आरडाओरड झाली, पण तिथले लोक खाली वाकायला शिकले. उलट, भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली सोसायट्यांना बजावले की, जिथे तसा कायदा नाही तिथे तुम्ही सक्ती करू शकत नाही, फक्त विनंती करा. म्हणजे नियम करायचा तर तो सरकारने किंवा स्थानिक संस्थेनेच करायला हवा. गावची स्वच्छता हे ग्रामपंचायतीचे काम असल्याचे १९५८ च्या अधिनियमातच आहे.

पण नियम झाला तरी तो हात वाकेल का, ही माझी खरी शंका. शहरात, दंडाची पाटी असलेल्या बागेत मी पाहिले आहे: साहेब फोनवर बोलत पुढे चालले आहेत आणि मागून कागद घेऊन त्यांच्या घरची मोलकरीण. घाण उचलणे हे कुणा दुसऱ्या जातीचे, दुसऱ्या वर्गाचे काम, हे आमच्या हाडात इतके मुरले आहे की, ज्या कुत्र्याला आपण बिछान्यावर घेतो, त्याच्या मागेही आपण वाकत नाही. गाडगेबाबांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालते. बाबांचे नाव आम्ही घेतले. त्यांचा खराटा मात्र दुसऱ्याच्या हातात दिला.

माझ्याही घरी कुत्रा आहे. रोज सकाळी मी खुरपे आणि डबाभर राख घेऊन त्याच्यामागे जातो. सुरुवातीला लोक हसले. एका वडीलधाऱ्या शेजाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "अरे, शिकलासवरलास तो याच्यासाठी?" मी म्हटले, "होय, याच्यासाठीच."

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे: कुत्रा गावचा असो की पाहुण्याचा, साखळी ज्याच्या हातात त्यानेच घाण उचलावी, चाकराने उचललेली धरली जाणार नाही. दंड किती, ते सभेने ठरवावे. मी शाडूच्या एका गोणीची किंमत सुचवणार आहे. अनुमोदन द्यायला काकी तयार आहे.