बेल आणि तिचे हौशी भाष्यकार

१/ एप्रिल १९६० मध्ये जॉन मॅकार्थी यांचा लिस्पवरील निबंध प्रसिद्ध झाला. लिस्पचा अर्थ लावणारे ‘इव्हॅल’ हे फलन त्यात लिस्पमध्येच मांडले होते. ते वाचण्यासाठी होते, चालविण्यासाठी नव्हे. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी मात्र ते आयबीएम ७०४ च्या यंत्रभाषेत उतरवले. सिद्धान्त आणि व्यवहार यांत आपली गल्लत होते आहे, असे मॅकार्थींनी त्यांना बजावले होते. रसेल यांनी ऐकले नाही, हे बरेच झाले.

२/ २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पॉल ग्रॅहम यांनी ‘बेल’ ही भाषा प्रसिद्ध केली. तिचीही व्याख्या तिच्यातच लिहिलेली. मूळ प्रकार चारच: चिन्ह, जोडी, अक्षर आणि प्रवाह. संख्या त्यांत नाही! ती याद्यांतून घडवायची. म्हणजे पूर्णांकांची बेरीज ही अखेरीस खुणांच्या याद्या एकमेकींना जोडणेच.

३/ पुढे हौशी मंडळींनी पर्लसारख्या भाषांत बेलच्या चालत्या आवृत्त्या रचल्या. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न लगेच येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो गैरलागू वाटतो. मूळ संहिता जिथे मौन पाळते, तिथे या रचनाकारांना निर्णय घ्यावा लागतो, आणि प्रत्येक निर्णय हे भाष्य असते.

४/ संख्येचेच पाहा. याद्या तशाच ठेवल्या तर साधा गुणाकारही रेंगाळतो. यंत्राच्या संख्या वापरल्या तर वेग येतो. पण बेलमध्ये संख्येचा शेपटाकडील भाग मागता येतो, कारण ती जोडीच असते. यंत्राच्या संख्येला शेपूट कुठले? मग एक तर ते सोंग आणावे लागते किंवा मूळाशी फारकत घ्यावी लागते. हा पाठभेदच झाला.

५/ शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती वेगवेगळ्या प्रती उपलब्ध होत्या म्हणून. (तुलना ओढूनताणून वाटेल; ज्ञानेश्वरीची सर बेलला नाही, हे मान्य.) एकच प्रत उरली असती तर ताडून काय पाहिले असते?

६/ म्हणून नाशिक-पुण्यातल्या ज्या कोणी अशी भाषा अर्धीमुर्धी रचून सोडली असेल, त्यांना विनंती: ती पुसू नका. संख्यांच्या याद्या ज्या दिवशी टाकून दिल्या, त्या दिवसाची नोंद आणि त्याआधीची संथ आवृत्ती, दोन्ही ठेवा. कुठे अडलात तेही दोन ओळींत लिहून ठेवा, मराठीत लिहिले तरी चालेल.