पोटात गोळा येतो तेव्हा...

दोस्तांनो, परीक्षेचं वेळापत्रक हाती आलं की घरात पहिली कुऱ्हाड कशावर कोसळते? खेळावर! बॅट कपाटामागे जाते, सायकलला कुलूप लागतं. संध्याकाळी नुसती चप्पल पायात सरकवली, तरी आतून आवाज येतो, 'कुठे निघून राहिला रे? पेपर तुझा आहे की माझा?'

आज मी तुमची बाजू घेणार आहे. आईबाबांनाही हे वाचायला द्या बरं का!

आधी सांगा, पेपर हातात पडण्यापूर्वी पोटात गोळा का येतो? आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात. संकटाची चाहूल लागली की त्या रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात. छाती धडधडू लागते, श्वास वाढतो, रक्त हातापायांकडे धावतं आणि पचनाचं काम मागे पडतं. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही तयारी उपयोगी होती. ताडोबा, पेंच आपल्याला जवळच आहेत म्हणा, पण तुमच्या समोर वाघ नसतो, बीजगणित असतं. आणि त्याच्यापुढून पळायची सोय नाही! पाय पळायला तयार, आणि तुम्ही मात्र खुर्चीत. असं रोज, तासन् तास झालं की चिडचिड होते, रात्री झोप येत नाही. तासभर धावलं, खो-खो खेळलं, सायकल चालवली, की ती तयारी कामी येते आणि मग अंग आपोआप सैलावतं.

'पण हुशार मुलं तर बसूनच असतात!' असं कोणी म्हणेल. चला, बसून खेळायचाच खेळ घेऊ. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकली. वय अवघं १९. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी! पहिले दोन डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांवर गेला. जिंकल्यावर दिव्याने आईला घट्ट मिठी मारली आणि तिला रडू आवरेना. नुसतं बसूनही केवढा ताण साचतो, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. मोठे बुद्धिबळपटू व्यायाम करतात तो उगीच नाही. मॅग्नस कार्लसन तर फुटबॉलचा वेडा आहे.

मग खेळायचं किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगला दम लागेल अशी हालचाल करावी. सलग नको असेल तर वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा. मैदान लांब आहे? गच्चीवर दोरीच्या उड्या मारा, सूर्यनमस्कार घाला. फक्त आपलं ऊन विसरू नका. मार्चपासून नागपूर तापायला लागतं, तेव्हा आंबाझरी किंवा फुटाळ्याची चक्कर सकाळीच. परतल्यावर एक संत्रं सोला. मृग बहाराची संत्री नेमकी परीक्षेच्या दिवसांतच बाजारात येतात, तेवढी तरी निसर्गाने आपली सोय केली आहे!

आता आईबाबांसाठी. रात्री बारापर्यंत जागणारं मूल पाहून बरं वाटतं, हे खरं. पण दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं बसतं ते झोपेत. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, लहानांना त्याहून जास्त. म्हणून वेळापत्रक आखताना झोप आणि खेळ आधी लिहा, विषय नंतर. आणि मोबाइल उशाशी नको, तुमचाही!

एवढं करूनही पेपरच्या दिवशी गोळा आलाच, तर? चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडा. सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाचे ठोके मंदावतात. पाच-सहा वेळा करा. शेजारच्या बाकावरच्याला कळणारसुद्धा नाही.