भिंत शाळेची, निवड कोणाची?

जर्मनीत वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या गुणांविषयी, भाषेविषयी आणि गिम्नाझियमच्या प्रवेशाविषयी आपण भरपूर बोलतो. त्यांच्या शाळेच्या भिंतीवर कोणते चित्र लागावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न मात्र आपल्या चर्चेत क्वचितच येतो. माझ्या मते तो गौण नाही. ज्या समाजाला शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले गेले, त्याला सार्वजनिक भिंत कोणाच्या मालकीची असते हे वेगळे सांगावे लागू नये.

विटेनबर्ग हे मार्टिन ल्यूथरचे शहर या बाबतीत दोन धडे देते. पहिला धडा तेथील गिम्नाझियमचा. पूर्व जर्मनीच्या काळातील तिची काँक्रीटची एकसुरी इमारत १९९० नंतरच्या दशकात दुरुस्तीला आली, तेव्हा विद्यार्थ्यांनी आपल्या मनातील शाळेची चित्रे काढली आणि ऑस्ट्रियन चित्रकार हुंडर्टवासर यांना साकडे घातले. त्यांनी मानधन न घेता आराखडा दिला. १९९९ मध्ये काम पूर्ण झाले आणि छतावर झाडे, रंगीत खांब, नाना आकारांच्या खिडक्या अशी ती शाळा आज जगभरचे लोक पाहायला येतात. सुरुवात मुलांच्या इच्छेतून झाली, हे या कथेचे मर्म आहे.

दुसरा धडा त्याच शहरातील मुख्य चर्चच्या बाहेरील भिंतीचा. तेथे तेराव्या शतकातील, ज्यूंची विटंबना करणारे शिल्प अजूनही आहे. १९८८ मध्ये त्याखाली स्मृतिफलक बसवला गेला. २०२२ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने शिल्प हटवण्याची मागणी फेटाळली. ज्यांची विटंबना झाली, त्यांना ते शिल्प बसवताना कोणी विचारले नव्हते. सातशे वर्षांनंतर त्यांच्या हाती उरला तो फक्त दावा.

आपला अनुभव यापेक्षा फार वेगळा नाही. बाबासाहेबांविषयीचे १९४९ चे व्यंगचित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात छापले गेले, आणि आपला आवाज संसदेपर्यंत पोहोचला तो २०१२ मध्ये, त्या पुस्तकातून मुले कित्येक वर्षे शिकून गेल्यावर. आक्षेप हा निवड होऊन गेल्यानंतरचा हक्क आहे; निवडीत सहभाग हा त्याआधीचा. आपली पिढी पहिल्यात तरबेज झाली. पुढच्या पिढीने दुसऱ्यात तरबेज व्हावे, असे मला वाटते.

यासाठी जुने आणि साधे उदाहरण कॅलिफोर्नियातील गार्डेना हायस्कूलचे आहे. तेथे १९१९ ते १९५६ या काळात शाळा सोडून जाणारे विद्यार्थी दरवर्षी चित्र निवडत, त्यासाठी पैसे जमवत आणि ते शाळेला भेट देत. त्यातून नामवंत चित्रकारांच्या कृतींचा मोठा संग्रह उभा राहिला. इमारत एकदाच रंगवली जाते, आणि नंतर येणाऱ्या मुलांना ती आयती मिळते. संग्रहात मात्र प्रत्येक तुकडीला आपली पाळी मिळते. लोकशाहीशी त्याचे नाते जवळचे आहे ते यामुळेच.

जर्मनीत यासाठी लागणारी साधने हाताशी आहेत. माध्यमिक शाळांत सहसा विद्यार्थी प्रतिनिधी मंडळ असते. बहुतेक शाळांत पालकांचे सहायक मंडळ, म्हणजे फोर्डरफेराइन असते. अनेक शहरांत आर्टोथेक आहेत, जेथून ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे चित्र उसने आणता येते. बर्लिनमधील एनबीके या संस्थेची आर्टोथेक १९७० पासून चालू आहे. मुलांनी आधी चित्रे उसनी आणावीत, काही महिने त्यांच्या सहवासात राहावे, आणि मग दरवर्षी एकच कृती विकत घ्यावी. फोर्डरफेराइनची वर्गणी भरून थांबणाऱ्या आपल्या पालकांनी तेथे हा प्रस्ताव मांडावा.

आपल्यापैकी काही जण विचारतील, मग मुलांनी बाबासाहेबांची तसबीर निवडावी का? निवडली तर आनंद आहे. पण तसा आग्रह धरणे हे मुलांची निवड पुन्हा आपल्या हाती घेणे होय. आपण त्यांना पर्याय दाखवावेत. प्रभाकर कांबळे यांची ‘उतरंड’ २०२२ च्या बर्लिन बिएनालेत होती. मडक्यांची उतरंड आणि जातीची उतरंड हे शब्दातले नाते मराठी मूल आपल्या जर्मन वर्गमित्रांना जितके सहज उलगडून सांगेल, तितके कोण सांगणार? अमोल पाटील यांचे काम त्याच वर्षी कासेलच्या डॉक्युमेंटात होते. सजन मणी तर बर्लिनमध्येच राहतात. येथील बागसाहित्याच्या दुकानांत तथागतांची मस्तके शोभेच्या कुंड्यांशेजारी विकली जातात. ती का खटकतात, हे आपल्या मुलाला वर्गात शांतपणे मांडता आले, तर ते शिक्षण कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा कमी नाही.

बहुमताने आपले एकटे मूल हरेल, ही भीती मात्र खरी आहे. म्हणून नियम हवेत. मतदानापूर्वी प्रत्येक सूचनेवर चर्चा व्हावी, कारणे लेखी नोंदवली जावीत, निवड समिती दरवर्षी बदलावी आणि हरलेली सूचना पुढच्या वर्षी पुन्हा मांडता यावी. ही रीत परकी नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खू संघातील प्रस्ताव, गणपूर्ती आणि गुप्त मतदानाच्या नियमांची आठवण करून दिली होती. केवळ हात वर करणे म्हणजे लोकशाही नव्हे, हा त्यामागचा बोध होता.

आणखी एक अट मला महत्त्वाची वाटते: कलावंताला मोबदला मिळालाच पाहिजे. हुंडर्टवासर यांच्यासारख्या जगप्रसिद्ध कलावंताला मानधन सोडणे परवडले. नागपूर वा कोल्हापूरच्या तरुण चित्रकाराकडून ‘समाजकार्य’ म्हणून फुकट चित्र मागणे ही वेठबिगारीची सभ्य आवृत्ती आहे. महारवतनाविरुद्ध लढलेल्या बाबासाहेबांचे नाव घेऊन तरी ती आपण मागू नये.

सुरुवात आपल्या घरापासून करता येईल. येत्या १४ एप्रिलला कार्यक्रमाच्या खर्चातील काही रक्कम बाजूला ठेवू या आणि एक कलाकृती निवडण्याचे काम बारा ते अठरा वयाच्या मुलांवर सोपवू या. ज्येष्ठांनी त्या बैठकीत प्रश्न विचारावेत. मत मात्र देऊ नये. निवडलेले चित्र आपल्याला आवडले नाही, तरी ते सभागृहात सन्मानाने लागावे.

जय भीम.